चपट्या कृमींच्या पोटात

आमच्या विषयात पोटाला मान नाही. पशुवैद्यक महाविद्यालयात परोपजीवीशास्त्र शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. म्हशीच्या काळजातले पर्णकृमी, कोकरांच्या आतड्यातले पट्टकृमी, रेड्याच्या कोठीपोटातले गुलाबी कृमी यांची मोजदाद, चिरफाड आणि स्लाइडी हे रोजचं काम. या कामात सगळा भाव अंड्यांना आणि प्रजननसंस्थेला. निदान अंड्यांवरून होतं आणि जात ठरते ती वृषण-अंडाशयांच्या मांडणीवरून. पचनसंस्थेच्या वाट्याला पाठ्यपुस्तकातल्या तीन-चार ओळी येतात : पुढच्या टोकाला तोंड, त्याभोवती मुखचूषक, मग ग्रसनी, आखूड अन्ननलिका आणि दोन फांद्यांचं आंधळं आतडं. त्याखाली शेवटची ओळ : गुदद्वार नाही. पट्टकृमीचं तर एका वाक्यात उरकतात : पचनसंस्था नाही.

तोंडी परीक्षेत मुलं हे घडाघडा म्हणतात, परीक्षक मान डोलावतात आणि पुढच्या बरणीकडे वळतात. मला मात्र वर्षं सरली तशी ही ‘नाही’ची यादीच जास्त खुणावू लागली. ज्याला गुदद्वार नाही तो चोथा टाकतो कुठे? ज्याला आतडंच नाही तो काही मीटर वाढतो कशाच्या जोरावर? हे प्रश्न नुसते कुतूहलाचे आहेत, असं आधी वाटायचं. पुढे कळलं की औषध लागू का पडलं नाही, शेणात अंडी का दिसली नाहीत, औषधानंतर जंत पडलेले का दिसले नाहीत, या गोठ्यातल्या रोजच्या तक्रारींची वाट याच प्रश्नांवरून जाते.

नमुने मिळवायचे म्हणजे पहाटे कत्तलखाना गाठायचा. सुरुवातीला तिथे बाईमाणूस पाहून कुजबुज व्हायची. पुढे तिथले खाटीकच माझे खरे मदतनीस झाले. त्यांच्यातल्या एका वयस्कर चाचांचा हात असा बसला होता की कलेजीवरून नुसता अंगठा फिरवून ते सांगायचे, “मॅडम, ही तुमची.” जाड, टणक झालेली पित्तवाहिनी त्यांच्या बोटाला कळायची. सुरी फिरली की कापलेल्या वाहिनीतून हिरवट तपकिरी पित्त आणि त्याच्याबरोबर घडी पडलेले कृमी बाहेर यायचे. आपल्याकडच्या मैदानी भागात गाई-म्हशींत मुख्यतः सापडतो तो फॅसिओला जायगँटिका, लांबीला अडीच ते साडेसात सेंटीमीटर. थंड हवेतला त्याचा भाऊबंद फॅसिओला हिपॅटिका अंगाने आखूड, खांद्याला रुंद. हिपॅटिकाला लिनिअसने १७५८ मध्ये नाव दिलं. जायगँटिकाचं वर्णन कॉबोल्डने केलं ते जवळजवळ शंभर वर्षांनी, आणि तेही एका जिराफाच्या यकृतात सापडलेल्या कृमींवरून.

पित्ताच्या वासाची सवय होत नाही, हे खरं सांगून टाकते. हातमोजे घातले, लिंबू चोळलं, तरी दुपारच्या डब्यापर्यंत तो वास बोटांना असतो. पण त्या कलेजीतला कृमी कोमट सलाईनच्या पेट्री डिशमध्ये सोडला की वासाचा विसर पडतो. घडी हळूहळू उलगडते. राखाडी-तपकिरी अंग पसरतं आणि पुढच्या टोकाचा निमुळता शंकू चाचपडू लागतो. डिशखाली पांढरा कागद सरकवला की अंगाच्या दोन्ही बाजूंना काळपट रेषांचं जाळं दिसतं. मधून दोन जाड रेषा शेपटाकडे जातात, त्यांना बाहेरच्या बाजूने फांद्या, फांद्यांना उपफांद्या, आतल्या बाजूनेही छोटे फाटे. हे सगळं त्याचं आतडं. काळपट दिसतं ते त्यात पचत असलेल्या रक्तामुळे.

मग थोड्या वेळाने ते घडतं. अंग एकदा आकसतं आणि शंकूच्या टोकातून, म्हणजे तोंडातूनच, तपकिरी धागा बाहेर पडतो. सलाईनमध्ये तो क्षणभर तरंगतो आणि विरघळून पाण्याला चहाचा रंग देतो. काही वेळाने पुन्हा. आत घेण्याचं आणि बाहेर टाकण्याचं दार एकच. चोथा कुठे जातो याचं उत्तर डिशमध्ये डोळ्यांसमोर होतं : कृमी ओकतो. काही तास असं झालं की आतडं रिकामं होऊन जाळं फिकट पडतं.

यातून स्लाइड बनवण्याची एक युक्ती हाती आली, ती मी पुढच्या प्रत्येक बॅचला दिली. प्रजननसंस्था दाखवायची असेल तर कृमी सलाईनमध्ये ठेवून त्याचं पोट रिकामं होऊ द्या आणि मगच दोन काचांत दाबून फॉर्मॅलिनमध्ये टाका. पचनसंस्था दाखवायची असेल तर उलट करा : कलेजीतून काढल्याबरोबर, पोट भरलेलं असतानाच दाबा. बोरॅक्स कार्माइनने रंगवलेल्या मोठ्या कृमीत आतड्यावर अंडपिवळ्याच्या ग्रंथी आणि वृषणं अशी पसरलेली असतात की रिकामं आतडं शोधूनही सापडत नाही. भरलेलं आतडं स्वतःच्याच रंगाने दिसतं. बहुतेक प्रयोगशाळांतल्या जुन्या स्लाइडींत पचनसंस्था नीट का दिसत नाही, याचं एक कारण हेच : त्या बनवताना कुणाला ती दाखवायचीच नव्हती.

एका प्रात्यक्षिकात एका विद्यार्थ्याने विचारलं, “मॅडम, एवढ्या फांद्या कशाला? रक्त तर नुसतं शोषायचं आहे. एक साधी नळी पुरली नसती का?” पोरगा भंडाऱ्याकडचा, धानपट्ट्यातला. त्याला मी विचारलं, “तुमच्या बांध्यांना पाणी कसं मिळतं?” तलावाचा मोठा पाट, त्याच्या चाऱ्या, चारीतून प्रत्येक बांधीला फोडलेलं तोंड, असं तो सांगू लागला आणि सांगता सांगताच थांबला. पर्णकृमीला हृदय नाही, रक्तवाहिन्या नाहीत. आतड्यात पचलेलं अन्न अंगाच्या कानाकोपऱ्यात नेऊन टाकणारं कुणी नाही. मग आतड्यालाच प्रत्येक बांधीपर्यंत जावं लागतं. अंग पानाएवढं पसरलेलं आणि अतिशय पातळ, त्यामुळे कुठलीही पेशी कुठल्या ना कुठल्या फांदीपासून लांब राहत नाही. शेवटचं थोडं अंतर अन्न झिरपत पार करतं. म्हणजे हे जाळं पचनाचं आहेच, पण वाटपाचंही आहे.

या आतड्याचं अस्तरही काटकसरीचं. आपल्याकडे पाचकरस सोडणाऱ्या पेशी वेगळ्या आणि शोषून घेणाऱ्या वेगळ्या. फॅसिओलाच्या अस्तरात पेशींचा एकच प्रकार असतो. ती पेशी एका वेळी पाचकरस सोडते, काम झालं की रूप पालटते आणि पचलेलं शोषून घेऊ लागते. आतड्याच्या पोकळीत तिचे पातळ पापुद्रे पसरलेले असतात, त्यामुळे शोषणाचं क्षेत्रफळ वाढतं. आणि गंमत अशी की सगळं अन्न तोंडातूनच आलं पाहिजे असंही नाही. प्रयोगात कृमीचं पुढचं टोक दोऱ्याने बांधून टाकलं, तरी तो अंगावरच्या आवरणातून ग्लुकोज घेत राहतो.

फांद्यांचा हा नियम मनात पक्का होत होता, तोच त्याला छेद देणारा प्राणी समोर आला. म्हशीच्या कोठीपोटात, म्हणजे रूमेनमध्ये, पॅरॅम्फिस्टोमम गटाचे कृमी दाटीवाटीने चिकटलेले असतात. शंकूच्या आकाराचे, गुलाबी, जाडजूड अंगाचे, मागच्या टोकाला मोठा चूषक. यांचं आतडं म्हणजे दोन साध्या नळ्या, एकही फांदी नाही. इतक्या जाड अंगात वाटप कसं होत असेल? उत्तर काप काढल्यावर दिसतं : या गटाला आतड्याच्या लगत द्रवाने भरलेल्या स्वतंत्र लसिकावाहिन्या आहेत. इथे वाटपाचं काम दुसऱ्याकडे सोपवलं आहे, म्हणून आतड्याने फांद्या फोडल्या नाहीत. अडचण तीच, पण सोडवण्याची रीत निराळी. हे एकदा दिसलं की कुठल्याही आतड्याचा आकार पाठ करण्याची गोष्ट उरत नाही. त्याला कारण विचारता येतं.

दरवर्षी कुणी ना कुणी म्हणायचं, “आयतं खाऊन खाऊन यांचं गुदद्वार गेलं.” ऐकायला बरं, पण खरं नाही. ओढ्याच्या पाण्यात दगडाखाली राहणारी प्लॅनेरिया कुणाच्या जिवावर जगत नाही. स्वतः शिकार करते, मेलेलंही खाते. तिलाही गुदद्वार नाही. तिचं आतडं तीन मुख्य फांद्यांचं, तोंड पोटाच्या मध्यावर. डिशमध्ये काळजाचा बारीक तुकडा टाकला की त्या तोंडातून पांढरी ग्रसनी बाहेर लांबते आणि तुकड्यात घुसते. एकाच दाराचा कारभार हा चपट्या कृमींच्या घराण्यात परोपजीवी होण्याच्या आधीपासून चालत आलेला आहे. पट्टकृमीचं आतडं नसणं मात्र त्या जगण्यातूनच आलेलं. एक कधी नव्हतंच, दुसरं होतं ते सोडून दिलं. पुस्तकाच्या तक्त्यात दोन्हींपुढे ‘नाही’ असंच लिहिलेलं असतं.

पट्टकृमीचा धडा मला एका धनगराने दिला. पावसाळा संपता संपता त्यांचा वाडा माळावर उतरला होता. कोकरं खंगली होती, पोटं सुटलेली, लेंड्यांबरोबर पांढरे चपटे तुकडे पडत होते. एक कोकरू मेलं होतं, ते तिथेच उघडलं. छोट्या आतड्यात मोनिझिया एक्स्पान्साचा पांढरा पट्टा वेटोळं घालून बसला होता. हा कृमी सहा मीटरपर्यंत वाढतो आणि त्याचं बीज गवतातल्या अगदी बारीक माइट किड्यांतून कोकराच्या पोटात जातं. म्हाताऱ्या धनगराने पट्टा बोटावर घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाचपला. बारीक डोक्यावर चार चूषक मी भिंगातून दाखवले. तो म्हणाला, “बाई, हे तर धरायचं झालं. ह्येचं त्वांड कुठं हाय?” तोंड नाही, म्हणून सांगितलं. “मग खातंय कुठनं?” अंगाने खातं, म्हटलं. थोडा वेळ विचार करून तो म्हणाला, “म्हंजे कोकराचं आतडं हेच ह्येचं आतडं.”

मी वर्गात तासभर बोलून जे सांगते ते त्याने एका वाक्यात मांडलं. कोकराने चावलं, त्याच्या जठराने आणि स्वादुपिंडाने पचवलं, आणि तयार मालात हा पसरून पडलेला. त्याचं कातडंच आतड्याचं काम करतं. पूर्वी या आवरणाला निर्जीव साल समजत. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हाताशी आला आणि चित्र पालटलं. १९६३ मध्ये थ्रेडगोल्डने फॅसिओलाच्या आवरणाची रचना मांडली, त्याच सुमाराला पट्टकृमींचंही काम झालं आणि हे आवरण जिवंत असल्याचं स्पष्ट झालं. पेशींमध्ये भिंती नसलेला तो एक सलग थर आहे. पट्टकृमीत त्याच्यावर अतिसूक्ष्म उंचवट्यांची दाटी असते, त्यामुळे शोषणाचं क्षेत्रफळ कितीतरी वाढतं. यजमानाचे पाचकरस या पृष्ठभागावर येऊन काम करतात आणि पचलेलं जागच्या जागी आत ओढलं जातं. जास्तीचं ग्लायकोजेन म्हणून साठवलं जातं. उंदरांतल्या हायमेनोलेपिस डिमिन्यूटा या पट्टकृमीवर बरंच संशोधन झालं आहे. उंदराच्या जेवणाच्या वेळांप्रमाणे तो आतड्यात पुढे-मागे सरकतो, असं त्यात आढळलं. आतडं नाही म्हणून तो स्वतःच अन्नाच्या ठिकाणी जातो.

पण मग पाचकरसांच्या त्या डोहात तो स्वतः कसा पचत नाही? जिवंत आवरण हीच त्याची ढाल. काही पट्टकृमी ट्रिप्सिनसारखं विकर निष्प्रभ करणारी द्रव्यंही सोडतात. ही ढाल सतत राखावी लागते आणि तिला ऊर्जा लागते. हे कळल्यावर शेतकऱ्यांच्या एका जुन्या तक्रारीचा उलगडा झाला. “मॅडम, औषध पाजलं, पण एकही जंत पडला नाही. औषध बनावट असणार.” निक्लोसामाइड पट्टकृमीची ऊर्जेची व्यवस्थाच मोडतं, प्राझिक्वांटेल त्याला आखडवतं आणि आवरण फोडतं. ढाल गेली की यजमानाचे पाचकरस त्याला इतर अन्नाप्रमाणेच पचवून टाकतात. बाहेर पडायला शाबूत काही उरेलच असं नाही. माळावरच्या लोकांना वावडिंग आणि पळसपापडी माहीत होती, सुपारीही. जंत खाली पडलेला डोळ्यांनी दिसला तरच उपाय लागू, अशी त्यांची पक्की खूण. नव्या औषधांच्या बाबतीत ती खूण चालत नाही, हे समजावताना पचनाची गोष्ट सांगितली की लोक चटकन मानतात. नुसतं “विश्वास ठेवा” म्हणून कुणी ठेवत नाही, आणि का ठेवावा?

सर्वांत जास्त शिकवलं ते तलावाकाठच्या शेळ्यांनी. पूर्व विदर्भातल्या मालगुजारी तलावांचं पाणी दिवाळीनंतर ओसरू लागतं आणि काठाचं हिरवं गवत उघडं पडतं. पाण्यातल्या गोगलगायींतून निघालेल्या अवस्था त्या गवताला पुटी करून चिकटलेल्या असतात. अशाच एका गावात शेळ्या पटापट मेल्या. लेंड्या तपासल्या : पाण्यात कालवल्या, गाळल्या, तळाचा गाळ काचेवर घेऊन मिथिलीन ब्लूचा थेंब टाकला. निळ्या पार्श्वभूमीवर पर्णकृमीचं अंडं पित्ताने रंगलेलं सोनेरी दिसतं, गुलाबी कृमीचं रंगहीन. इथे दोन्ही नव्हती. गावातले लोक विषबाधेवर आले होते. पण शेळी उघडली तर यकृतावर रक्ताळलेले बोगदे, पोटात रक्ताचं पाणी, आणि यकृत पिळल्यावर काही मिलिमीटर लांबीचे फिकट कोवळे कृमी. अंडी कुठून दिसणार? ती घालण्याच्या वयाचा त्यांच्यात कुणीच नव्हता.

हे कोवळे कृमी सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासारखे असतात. आतडं अजून भरगच्च फांद्यांचं झालेलं नसतं, आणि त्याच्यात पिकलेल्या कृमीइतका काळेपणा नसतो. ते यकृत कुरतडत चाललेले असतात आणि त्यांचं मुख्य अन्न म्हणजे त्या यकृताच्या पेशी. पुटीतून सुटल्यावर ते आतड्याची भिंत भेदतात, पोटाच्या पोकळीतून यकृतात शिरतात आणि दोन महिने किंवा त्याहून जास्त काळ त्याच्यात भटकतात. त्यानंतर पित्तवाहिनीत स्थिरावतात, तिची भिंत खरवडून रक्त पिऊ लागतात. एक मोठा कृमी दिवसाला अर्ध्या मिलिलिटरपर्यंत रक्त घालवतो, असा अंदाज आहे. म्हशीच्या जबड्याखाली पाणी साठतं, डोळ्यांच्या पापण्या आतून पांढऱ्या पडतात, ते या रोजच्या गळतीमुळे. वयाबरोबर पाचकरसही बदलतात : कोवळ्या वयात भिंती आणि ऊती भेदणारी विकरं जास्त, पिकल्यावर रक्तातली प्रथिनं तोडणारी.

औषधाची निवड इथे ठरते. क्लोसँटेल रक्तातल्या अल्ब्युमिनला घट्ट चिकटून शरीरात बराच काळ फिरतं. रक्त पिणारा कृमी ते रक्ताबरोबर आपसूक गिळतो. पण जो अजून यकृताच्या पेशीच खातोय, त्याच्या पोटात ते फारसं जात नाही, म्हणून कोवळ्या कृमींवर त्याचा जोर कमी. ट्रायक्लाबेंडाझोल मात्र मुख्यतः कृमीच्या आवरणातून आत शिरतं, त्याला तोंडाची वाट बघावी लागत नाही. कोवळ्या कृमींवरही ते चालतं, यामागे हे एक कारण आहे. अर्थात, त्यालाही न जुमानणारे कृमी १९९० च्या दशकातच ऑस्ट्रेलियात आढळले आणि नंतर इतरत्रही. त्यामुळे कुठलंही औषध ‘दर महिन्याला पाजा’ म्हणून वाटत सुटणं घातक. पाणी ओसरल्यावर कळप कुठे चरला आणि आज कृमी काय खात असेल, हा हिशेब मांडल्याशिवाय मी नंतर कुणालाही औषधाचं नाव सांगितलं नाही. तलावाकाठचं ओलं गवत आणि ताजं, दमट तणस टाळा, हे मात्र बिनखर्चाचं म्हणून प्रत्येकाला सांगितलं.

ओकण्याच्या सवयीचा शेवट कुठे झाला, तेही सांगायला हवं. पर्णकृमी जे ओकतो त्यात अर्धवट पचलेलं रक्त असतं, तसे त्याचे पाचकरसही असतात. त्यातलं मुख्य विकर म्हणजे कॅथेप्सिन एल. प्रयोगशाळेत ते प्रतिपिंडांचे तुकडे करतं, असं दिसून आलं आहे. म्हणजे यजमान ज्या हत्यारांनी कृमीवर चालून जातो, ती हत्यारंच या ओकारीत मोडली जातात. पोट रिकामं करणं आणि स्वतःचं रक्षण करणं ही दोन कामं एकाच क्रियेत होतात. या विकराविरुद्ध लस करण्याचे प्रयत्न अनेक ठिकाणी चालू आहेत. त्याहून माझ्या कामाची गोष्ट निराळी होती. ओकलेलं विकर पित्तात मिसळतं, पित्त आतड्यात येतं आणि तिथून ते शेणात उतरतं. शेणात ते पकडणाऱ्या एलायझा तपासण्या आता उपलब्ध आहेत आणि अंडी दिसायच्या काही आठवडे आधी त्या बोलू लागतात. ‘गुदद्वार नाही’ या रुक्ष ओळीतून निदानाची एक चाचणी निघाली. ही बातमी पहिल्यांदा वाचली तेव्हा वर्गात जाऊन मी ती डिश पुन्हा एकदा मांडली.

रक्त पिणाऱ्या कृमींची गोष्ट निघाली की मुलांना मी गिमवीचं नाव सांगते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या या गावात माणसांच्या लघवीत रक्त आणणारा शिस्टोसोमा सापडल्याची नोंद १९५२ मध्ये गाडगीळ आणि शाह यांनी केली. भारतातली ही फार गाजलेली नोंद. शिस्टोसोमा राहतो थेट शिरांच्या आत, रक्तातच. त्याला मांसल ग्रसनी नाही. अन्न भोवती वाहतंच आहे, पंपाची मोठी गरज नाही. आतड्याच्या दोन शाखा फुटतात आणि पुढे पुन्हा एक होतात. नरापेक्षा मादी कितीतरी जास्त रक्त पिते, कारण रोज अंडी घालायचा खर्च तिचा. हिमोग्लोबिन पचवल्यावर उरणारा विषारी लोहाचा भाग काळ्या रंगद्रव्यात बंद करून तीही तो तोंडावाटेच टाकते.

आणि गोगलगाय काचांमध्ये चिरडून पाहिली, तर फॅसिओलाचंच बालपण दिसतं. त्यातल्या स्पोरोसिस्ट या अवस्थेला आतडं नसतं, ती भोवतालचं अन्न अंगानेच घेते. तिच्यातून निघणाऱ्या रेडियाला तोंड, ग्रसनी आणि छोटी पिशवी असते. ती गोगलगायीच्या ऊती गिळते. एकाच जिवाच्या आयुष्यात आतडं नसतं, मग येतं, मग फांद्या फोडतं. जिथे जसं अन्न, तिथे तसं पोट.

इतक्या वर्षांत या प्राण्यांबद्दल प्रेम वाटू लागलं का, असं विद्यार्थी विचारतात. नाही वाटलं. रिकामा झालेला शेळ्यांचा गोठा पाहिल्यावर तसं बोलवत नाही. आदर मात्र वाटतो आणि त्यांच्याशी दोन हात करायचे तर तो असायलाच हवा. शत्रू काय खातो, कुठून खातो आणि चोथा कुठे टाकतो, हे माहीत नसताना औषधाच्या बाटल्या रिकाम्या करणं म्हणजे शेतकऱ्याच्या पैशाने अंधारात काठी फिरवणं.

शेवटच्या काही वर्षांत मी प्रात्यक्षिकाच्या वहीत एक रकाना वाढवायला लावला. कृमीचं नाव, चित्र, अवयव, आणि जिथे जिथे ‘नाही’ लिहिलं असेल त्यासमोर : ‘मग कसं भागतं?’ सुरुवातीला मुलं कुरकुरली, कारण त्या रकान्यात भरायला पुस्तकात तयार ओळ मिळत नाही. हळूहळू उत्तरं येऊ लागली. काही चुकीची, काही मला न सुचलेली. एका मुलीने लिहिलं होतं, “पट्टकृमीला यकृतही नाही. ते कामही यजमानच करतो का?” याचं पूर्ण उत्तर देता देता माझा एक तास गेला आणि तो सत्कारणी लागला. अभ्यासक्रमात बाकी काही बदललं नाही तरी चालेल, पण हा रकाना पुढच्या शिक्षकांनी काढून टाकू नये.